रात्रपाळीच्या गावी मुक्काम

समुद्राकाठच्या वीज प्रकल्पाच्या कॉलनीत पहिल्यांदाच मुक्कामाला आलेला पाहुणा जेवण झाल्यावर गॅलरीत येतो, कठड्याला टेकतो आणि हमखास विचारतो, "हा समुद्राचाच आवाज ना?" घरातली वहिनी पाण्याचा तांब्या आणता आणता म्हणते, "हो, समुद्राचाच." पाहुणा खूश होतो. मुलांना हाक मारून "गाज ऐका रे" म्हणतो. वहिनीला ठाऊक असतं की तो आवाज समुद्राचा नाही, निदान पुरता नाही; पण आल्या आल्या माणसाचा हिरमोड कशाला करायचा? हे एवढंसं, कुणाचंच नुकसान न करणारं खोटं या कॉलन्यांमध्ये वर्षानुवर्षं घरोघरी बोललं जातं. खटकतं ते वेगळंच. काही वर्षं काढल्यावर बोलणाऱ्यालाही ते खोटं वाटेनासं होतं.

दोन आवाज वेगळे काढणं तसं अवघड नाही. लाट चढते, फुटते, वाळूवरून सरसरत मागे जाते आणि पुढची येईपर्यंत मध्ये रिकामी जागा सुटते. ओहोटीला गाज लांब जाते, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला अगदी कुंपणाशी येते. प्लांटच्या आवाजात ही मधली जागाच नसते. कोळशावर चालणाऱ्या युनिटचं, म्हणजे बॉयलर-टर्बाइन-जनरेटरच्या एका संचाचं, वाफेवर फिरणारं टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला ५०. देशभरच्या विजेच्या जाळ्याशी, ग्रिडशी, ते बांधलेलं असल्यामुळे आपल्या मर्जीने हळू किंवा जलद होण्याची त्याला सोय नाही. ट्रान्सफॉर्मरचं गुणगुणणं त्याच्या दुप्पट, १०० हर्ट्झचं, कारण आतला पोलादी गाभा विजेच्या प्रत्येक आवर्तनात दोनदा किंचित लांबतो-आखडतो. त्यावर बॉयलरचा धूर ओढणाऱ्या आयडी फॅनचा घोंगाट. शंका असेल तर खिडकी लावून बघावी. लाटेचा आवाज मुख्यतः वरच्या पट्टीतला, सळसळीचा. तो काचेला बऱ्यापैकी अडतो. खालच्या पट्टीतला घुमारा भिंतीतून आत येतो. खिडकी लावल्यावरही जे ऐकू येत राहतं, ते यंत्र.

वाऱ्याचाही हात असतो. दिवसा खारे वारे समुद्राकडून येतात आणि प्लांटचा आवाज कॉलनीकडे ढकलतात, पण दिवसाच्या गलक्यात तो कुणाला जाणवत नाही. रात्री मतलई सुटली की वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, म्हणजे आवाज खरं तर उलट्या दिशेला जायला हवा. तरीही थंडीत मध्यरात्रीनंतर तो वाढल्यासारखा वाटतो. अशा रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, त्यामुळे वर निघालेला आवाज पुन्हा खाली वळतो. डिसेंबर-जानेवारीत आलेले पाहुणे "झोप लागली नाही हो" म्हणतात आणि मे महिन्यातले पंख्याच्या आवाजात सुखाने झोपतात, ते यामुळे.

आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरची अशी चार ठिकाणं घेऊ: तारापूर, डहाणू, अंजनवेल आणि जयगड. पहिल्याचं इंधन युरेनियम, दुसऱ्याचं आणि चौथ्याचं कोळसा, तिसऱ्याचं वायू. पाहुण्यांच्या डोक्यात मात्र चारही ठिकाणांचं चित्र एकच असतं: खिडकी उघडली की समुद्र. तारापूरला ते पहिल्याच संध्याकाळी मोडतं. तिथली पहिली दोन युनिटं २८ ऑक्टोबर १९६९ पासून रीतसर वीज देऊ लागली, नंतरची ५४० मेगावॉटची दोन २००५ आणि २००६ मध्ये आली. आणि ही चारही समुद्राला लागून उभी असली तरी माणसं राहतात ती आत, बोईसरच्या बाजूला. अणुवीज केंद्राभोवती १.६ किलोमीटरपर्यंत वस्तीच नको, त्यापलीकडेही लोकसंख्या फार वाढू द्यायची नाही, या हिशेबाने अशा केंद्रांची आखणी झालेली आहे. तेव्हा 'समुद्रकाठची कॉलनी' म्हणून आलेल्या मंडळींना समुद्र बघायला गाडी काढून चिंचणीला जावं लागतं. यावर रुसून उपयोग नाही.

गेटवरची अर्धी कटकट आदल्या दिवशीच्या फोनने टळते. सगळ्यांची नावं ओळखपत्रावर आहेत तशीच, वयं, गाडीचा नंबर आणि किती वाजता येणार, एवढं यजमानाला कळवलेलं असलं की पास तयार मिळतो. अडतं ते ठरलेल्या ठिकाणीच. ऐन वेळी गाडी बदललेली असते. काकूंच्या आधारवर लग्नाआधीचं नाव असतं. किंवा यजमान शिफ्टवर असतो, त्याचा मोबाइल प्लांटच्या दारात जमा असतो, आणि पाहुणे कॉलनीच्या गेटवरून त्याच बंद फोनला पुन्हा पुन्हा लावत बसतात. म्हणून वहिनींचा नंबर आणि घरचा लँडलाइन, दोन्ही जवळ असावेत. ड्रोन आणायचाच नाही. दुर्बीण घरी ठेवलेली बरी. फोटोच्या बाबतीत सूचनाफलकावर लिहिलंय तेवढंच खरं मानावं. १९२३ च्या शासकीय गुपितांच्या कायद्याखाली यातल्या काही जागा 'प्रतिबंधित' असतात आणि गेटवरच्या जवानाला त्यात सवलत देण्याचा अधिकारच नसतो. "चिमणीचा एक काढू द्या ना" अशी गळ घालून त्या पोराला अवघडवू नये.

गेस्ट हाऊस की क्वार्टर, हा दुसरा प्रश्न. कुटुंब मोठं असेल तर गेस्ट हाऊस सोयीचं, पण ओव्हरहॉल चालू असताना ते मिळेल ही आशा सोडावी. कोळशाचं युनिट दुरुस्तीला खोललं की महिनाभर ते उघडं असतं, आणि टर्बाइन कंपनीचे, व्हॉल्व्हवाले, वेल्डिंगची एक्स-रे तपासणी करणारे असे सगळे त्या खोल्यांमध्ये भरलेले असतात. हे काम बरेचदा पावसाळ्यात काढतात, कारण तेव्हा राज्याची विजेची मागणी उतरते. म्हणजे पावसातला समुद्र बघायला यावं तेव्हाच खोली नाही. क्वार्टरमध्ये राहिलात तर मात्र खरी कॉलनी दिसते. घरांचे प्रकार पगाराच्या श्रेणीप्रमाणे ठरलेले, आणि पत्ता सांगताना रस्त्याच्या नावाआधी टाइप सांगतात. सातवीतल्या पोरालाही माहीत असतं की अमुक मित्र कुठल्या टाइपमध्ये राहतो आणि त्याचे बाबा कोण. खेळताना ते विसरतात, मोठ्यांना विसरता येत नाही. बाहेरच्या गावात श्रीमंती-गरिबी निदान थोडी झाकता येते, इथे ती सार्वजनिक बांधकामासारखी उघड्यावर असते.

आणि मग मीठ.

पहिल्या रात्री पाहुण्यांना ते चवीने नाही, स्पर्शाने कळतं. कपाटाची कडी खरखरीत लागते, आरशाच्या कडेला काळे डाग दिसतात, संध्याकाळी वाळत घातलेला टॉवेल सकाळी होता त्याहून ओला असतो. लाट फुटताना हवेत उडणारे खारे कण वाऱ्याबरोबर आत येतात. पहिल्या काहीशे मीटरांत सर्वात जास्त बसतात, पुढे झपाट्याने कमी होतात. मिठाचा गुण असा की ते हवेतली ओल ओढून घेतं आणि धातूवर तिचा पातळ थर धरून ठेवतं. गंजायला एवढं पुरे. साधी लोखंडी जाळी पावसाळ्यागणिक रंग मागते. ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलवरही चहाच्या ओघळासारखे डाग येतात. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ते टिकतं, पण दाराच्या कडीला ते कोण लावतो? एसीच्या बाहेरच्या युनिटमध्ये तांब्याच्या नळीवर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या असतात. दोन धातू आणि मध्ये खारं पाणी म्हटल्यावर पात्यांचा भुगा होणं ठरलेलं. जाणती माणसं ते युनिट समुद्राकडच्या भिंतीवर लावत नाहीत, आणि दर महिन्याला बंद करून गोड्या पाण्याने धुतात. सर्वात वाईट गत स्लॅबची होते. मिठातलं क्लोराइड मुरत मुरत आतल्या सळीपर्यंत पोचलं की सळी गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. जुन्या इमारतींच्या गॅलऱ्यांना खालून ठिगळं दिसतात ती याचीच. गॅलरीत उभं राहून गाज ऐकणाऱ्याने एकदा डोक्यावरही नजर टाकायला हरकत नाही.

घरातलं मीठ त्रास देतं, स्विचयार्डमधलं, म्हणजे वीज जिथून बाहेरच्या तारांवर चढते त्या आवारातलं मीठ युनिट बंद पाडतं. उंच तारा ज्यांना लटकतात ते पोर्सिलेनचे इन्सुलेटर म्हणजे बशांची उतरंड. विजेला तारेपासून लोखंडी खांबापर्यंत पृष्ठभागावरून सरपटत जावं लागलं तर अंतर शक्य तेवढं लांब पडावं, यासाठी तो आकार. समुद्राकाठच्या जास्त प्रदूषणाच्या जागी हे अंतर दर किलोव्होल्टला ३१ मिलिमीटर धरतात; २२० केव्हीच्या लाइनवर व्होल्टेज २४५ केव्हीपर्यंत जाऊ शकतं, त्या हिशेबाने एका इन्सुलेटरवरची वाट साडेसात मीटरहून लांब होते. कोरडं मीठ बसलेलं असेल तोवर काही बिघडत नाही. मुसळधार पाऊसही चालतो, उलट तो धुऊन काढतो. घात करतं ते हिवाळ्यातलं पहाटेचं दंव आणि जूनच्या आधीची बारीक भुरभुर: मीठ भिजतं पण वाहून जात नाही, पृष्ठभाग वीज वाहू लागतो, आधी जांभळट ठिणग्या तडतडतात आणि मग एकदम फ्लॅशओव्हर, म्हणजे वीज तारेपासून खांबापर्यंत झेपावते. म्हणून क्षार काढलेल्या पाण्याचा फवारा मारून लाइन चालू असतानाच इन्सुलेटर धुतात. शुद्ध पाणी वीज जवळजवळ वाहत नाही, त्या भरवशावर. कुठे सिलिकॉनचा थर देतात, त्यावर पाण्याचा सलग पापुद्रा न धरता थेंबच राहतात. पहाटे पाचला चालायला निघालेल्या पाहुण्याला तारांकडून तडतड ऐकू येते. दंव पडलेल्या सकाळी तेवढी असायचीच.

रात्री साडेनऊच्या सुमाराला गप्पा रंगात असताना यजमान घड्याळाकडे बघतो. नातेवाईक लांबून आलेत म्हणून रजा काढता आली असती, पण शिफ्टमध्ये कुणी रजा घेतली की त्याच्या जागी आधीच आठ तास केलेला माणूस सोळा तास थांबतो. म्हणून दादा डबा घेतो, बूट चढवतो आणि "सकाळी भेटू" म्हणून बस गाठायला निघतो. चार गट असतात: तीन सकाळ-दुपार-रात्र वाटून घेतात, चौथ्याची सुटी. तक्ता वर्षभराचा लागलेला असतो, आणि गणपती कुठल्या पाळीत येतात हे जानेवारीतच घरोघरी कळलेलं असतं. पाहुण्यांना थोडं अपमानास्पदच वाटतं. आपण इतक्या लांबून आलो आणि हा निघाला. वहिनीला त्यात काही विशेष वाटत नाही. ती उरलेल्या भाजीवर झाकण ठेवते आणि गप्पा पुढे चालू करते.

मध्यरात्र उलटल्यावर कधीतरी आकाश फाटल्यासारखा आवाज होतो. दर वेळी होतोच असं नाही, पण झाला तर पाहुणे अंथरुणातून उठून बसतात, मुलं रडायला लागतात, कुणीतरी चप्पल शोधतं. कोळशाच्या प्लांटमध्ये याचा अर्थ साधारण एकच. युनिट ट्रिप झालंय, म्हणजे आपोआप बंद पडलंय. काहीतरी बिनसल्याचं संरक्षणयंत्रणेला कळलं की टर्बाइनकडे जाणारे वाफेचे व्हॉल्व्ह क्षणात मिटतात. आग लगेच विझवली तरी बॉयलरचं लोखंड आणि त्यातलं पाणी तापलेलंच असतं, वाफ होतच राहते आणि तिला जायला वाट हवी. दाब ठरलेल्या हद्दीबाहेर गेला की सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतात आणि दीडशे किलोच्या आसपास दाबाची वाफ थेट आकाशात सुटते. 'किलो' हा तिथला रोजचा शब्द, दर चौरस सेंटिमीटरवरचा. भीती वाटावी असा तो आवाज आहे खरा, पण तो सुरक्षिततेचा आहे. काळजी करावी ती व्हॉल्व्ह उघडला नाही तर. थोड्या वेळाने तो बसतो, पुन्हा एखाद्दोनदा फुत्कारतो आणि संपतो.

त्यानंतरचा प्रकार पाहुण्यांच्या लक्षात येत नाही. आवाजाने न उठलेली वहिनी आता उठते.

युनिट बंद पडलं की तो सततचा घुमारा नाहीसा होतो, आणि त्या पोकळीने या घरांतली माणसं जागी होतात. स्वयंपाकघरात जाऊन पाणी पितात, चिमणीकडे बघतात, शेजारच्या घरातही दिवा लागलेला दिसतो. नवरा कंट्रोल रूममध्ये आहे, म्हणजे तो सकाळी वेळेवर येणार नाही, एवढं गणित तिथेच होतं. कोळशाचं गरम युनिट, कारण किरकोळ असेल तर, दोन-चार तासांत पुन्हा ग्रिडला जोडता येतं. पूर्ण थंड झालेल्याला आठ-दहा तास किंवा जास्त लागतात, कारण टर्बाइनचं जाड पोलाद घाईने तापवलं तर आतून-बाहेरून सारखं फुगत नाही. बॉयलरची नळी फुटली असेल तर दोन-तीन दिवस गेले. तारापूरच्या मोठ्या युनिटांचं गणित निराळं: अणुभट्टी बंद पडल्यावर आत झेनॉन वायू साठू लागतो, भट्टी ज्यांच्यावर चालते ते न्यूट्रॉन तो गिळतो, आणि अर्ध्या-पाऊण तासात भट्टी पुन्हा चालू करता आली नाही तर दीडेक दिवस थांबावंच लागतं. त्या पाऊण तासात कंट्रोल रूममधल्या माणसांवर काय ताण असतो, ते घरी बसलेल्यांना न सांगता माहीत असतं. अंजनवेलने तर ही शांतता वर्षानुवर्षं ऐकली आहे. तिथल्या एन्रॉनच्या प्रकल्पाचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला, २००१ मध्ये बंद पडला. २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी उभी राहिली, त्यानंतरच यंत्रं पुन्हा फिरली. मधल्या काळात तिथे रात्री ऐकू येणारा आवाज खरोखरच फक्त समुद्राचा होता, आणि तो ऐकणाऱ्या कुणालाही त्याचं कौतुक करायची मनःस्थिती नव्हती.

समुद्र इथे कशासाठी लागतो, हे मुलं सकाळी विचारतात आणि मोठ्यांना नीट सांगता येत नाही. बहुतेकांची समजूत अशी की समुद्राच्या पाण्याची वाफ करतात. तसं कधीच करत नाहीत. वाफेचं पाणी क्षार काढून इतकं शुद्ध केलेलं असतं की त्यात मिठाचा अंशही नको. समुद्र लागतो तो गारव्यासाठी. टर्बाइन फिरवून आलेली वाफ पुन्हा पाणी व्हायला हवी, त्यासाठी ती कंडेन्सरमध्ये हजारो बारीक नळ्यांवर पडते आणि नळ्यांमधून समुद्राचं पाणी वाहत असतं. जळालेल्या कोळशातली साधारण निम्मी उष्णता अशी समुद्रात जाते. यात कुणाचा कामचुकारपणा नाही, उष्णतेचं शास्त्रच तसं आहे. २५० मेगावॉटच्या एका युनिटला, डहाणूला अशी दोन आहेत, ताशी ३५ ते ४० हजार घनमीटर पाणी लागतं. कंडेन्सरच्या आत जवळजवळ निर्वात असतं, वाफ चाळीस-पंचेचाळीस अंशांना पाणी होते. समुद्र जितका गार, तितका हा व्हॅक्यूम चांगला. म्हणून जानेवारीत पाणी पंचवीस-सव्वीस अंशांवर असताना युनिट खुशीत चालतं आणि मे महिन्यात तीसच्या वर गेलं की तेवढ्याच विजेसाठी कोळसा जास्त खातं. कॉलनीत कुणी "समुद्र तापलाय" म्हणालं तर ते हवामानावरचं बोलणं नसतं.

एवढं पाणी ओढायचं म्हणजे त्याबरोबर येणारं सगळं ओढायचं. आधी लोखंडी गजांचा अडसर, मग फिरत्या जाळ्या, त्यांच्यावर पाण्याचा मारा. पावसाळ्यात नारळाच्या सोडणांपासून तुटक्या जाळ्यांपर्यंत काय काय येतं, आणि प्लास्टिक तर बारमाही. खरा वैरी जेलीफिश. त्यांचा थवा आला की त्या मऊ, पारदर्शक देहांनी जाळी लिंपली जाते, जाळीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या पाण्याच्या पातळीत फरक पडतो, पंपाला पाणी कमी पडू लागतं, व्हॅक्यूम घसरतो, लोड, म्हणजे वीजनिर्मिती, उतरवावा लागतो. वेळेत आवरलं नाही तर युनिट जातं. शेकडो मेगावॉटचं यंत्र, आणि पाडणारा प्राणी असा की ज्याला हाडही नाही. नळ्यांमध्ये शिंपले धरू नयेत म्हणून पाण्यात क्लोरीन सोडतात. कमी पडला तर पाइपच्या आत वसाहत होते, जास्त झाला तर बाहेरच्या जिवांना बाधतो. सोडलेल्या पाण्यात मोकळा क्लोरीन लिटरला ०.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, आणि समुद्राचं पाणी वापरणाऱ्या नव्या औष्णिक केंद्रांनी मूळ पाण्याचं तापमान सात अंशांहून जास्त वाढवू नये, असे नियम आहेत. ते नियम पाळले गेले तरी बाहेर पडणारं पाणी कोमट असतं, त्यावर फेस असतो, आणि त्याच्या तोंडाशी कोळी जाळं लावायला येतात किंवा येणं सोडून देतात. दोन्ही बाजूंनी शपथेवर सांगणारी माणसं भेटतात.

डहाणूला समुद्राला आणखी एक काम लावलेलं आहे. हा तालुका २० जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला, चिकूच्या वाड्यांचं काय होणार या धास्तीतून लढे झाले, आणि १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखाली देखरेखीचं प्राधिकरण बसलं. धुरातला गंधक काढणारी यंत्रणा तिथे त्या रेट्यामुळे २००७ मध्ये आली, देशातल्या बहुतेक केंद्रांच्या कितीतरी आधी. ती चालते समुद्राच्या पाण्यावर: पाणी मुळात थोडं अल्कलीयुक्त असल्यामुळे सल्फर डायऑक्साइड शोषून घेतं, मग त्यात हवा खेळवून ते परत सोडतात. चिकू बघायला घोलवडला जाणाऱ्या पाहुण्यांना हे कुणी सांगत नाही. तारापूरला गेलं तर अक्करपट्टी आणि पोफरण ही नावंही विचारावीत. तिसऱ्या-चौथ्या युनिटसाठी ही गावं उठली. कॉलनीतल्या दिव्यांखाली बसून त्याबद्दल बोलायला अवघड जातं. अवघड जावंच.

किनाऱ्यावर जायचं ते तिथी बघून. कोकणातला हिशेब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पहाटेचीही तीच, दुपार-संध्याकाळचीही जवळपास तीच. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. अष्टमीच्या आसपासची भांगाची भरती मवाळ, अमावास्या-पौर्णिमेची उधाणाची. डहाणू-तारापूरकडे उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त चढतं, रत्नागिरीकडे बरंच कमी. तिकडून इकडे आलेल्यांचा अंदाज नेमका इथे चुकतो, वाळूत लावलेली गाडी तासाभरात पाण्यात असते. मुलांना खडकांवर सोडायचं तर पूर्ण ओहोटीच्या आधी तासभर, आणि पाणी फिरलं की परत. पाणी ओढणाऱ्या तोंडाजवळ आणि सोडणाऱ्या कालव्याजवळ पाय ठेवायचा नाही, तिथे लाट दिसत नसली तरी ओढ असते. अंजनवेलला गेलात तर किनाऱ्यापेक्षा गोपाळगड आणि टाळकेश्वराजवळचं दीपगृह गाठावं, वाशिष्ठीचं मुख आणि प्रकल्प एकाच नजरेत येतात.

दादा घरी येतो तेव्हा पोहे झालेले असतात. तो चार घास खातो, मुलांची चौकशी करतो आणि पडदे ओढून झोपतो. इथून पुढचे सहा तास घर कुजबुजत चालतं: बेल बंद, मिक्सर बंद, कुकर शेजारच्या घरी. शहरातून आलेल्या मुलांना हे जमत नाही, त्यांना बाहेर काढणं हाच उपाय. कॉलनीतली मुलं मात्र तिसऱ्या-चौथ्या वर्षापासूनच दार न वाजवता लावतात. ही शिस्त बघून पाहुणे कौतुक करतात. तिच्यात थोडं एकटेपणही शिकवलं जातं, ते एका मुक्कामात दिसायचं नाही. साठाव्या वर्षी निवृत्ती आली की काही महिन्यांत क्वार्टर रिकामं करावं लागतं, आणि केरळपासून बंगालपर्यंत कुठून कुठून आलेली माणसं तीस-तीस वर्षांचा शेजार आवरून निघतात. या गावाला आजी-आजोबा नसतात, असलेच तर पाहुणे म्हणून आलेले.

निघताना मासळी घ्यायची असेल तर गेटबाहेरच सकाळी आठच्या आत, आणि १ जून ते ३१ जुलै या काळात ताज्या पापलेटची अपेक्षा न करता, कारण तेव्हा यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. सुके बोंबील घट्ट पिशवीत, दोन पदरी. गाडीतला वास आठवडाभर जात नाही. गेटवर डिकी उघडून दाखवावी लागते, पास परत करावा लागतो. तो चिठोरा हरवला तर पाहुण्यांना फारसं काही होत नाही, पण झोपेतून उठवून फोन दादालाच जातो. घरी पोचल्यावर गाडी गोड्या पाण्याने धुवावी, विशेषतः खालून, सायलेन्सर आणि चाकांच्या मागचा भाग. वरचा रंग चकचकीत पुसून खालचं मीठ तसंच ठेवलं तर दोन पावसाळ्यांनी गॅरेजवाला कारण विचारेल.